कालचं आइस्क्रीम

लोकांच्या पोटाची काळजी वाहण्याबद्दल मला दरमहा पगार मिळत असे, त्यामुळं घरी आल्यावर तीच काळजी फुकट वाहण्याचा मला कंटाळा होता. ह्या वाक्याला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं फारशी सवड मिळणार नाही.

साल एकोणीसशे एकोणसाठ. मी शिरूरला सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. मूळचा खुटबावचा, शेतकऱ्याचा मुलगा, पण पुण्याला जाऊन परीक्षा पास झालेला. डोक्यावर सोला हॅट, बुडाखाली सायकल आणि कोटाच्या खिशात एक भिंग. भिंगातून नेमकं काय बघायचं हे मला कधीच कळलं नाही, पण ते बाहेर काढलं की समोरचा माणूस घाबरे. मी बाजारात शिरलो की हलवाई आधी मिठाईवर फडकं टाकत आणि मग मला नमस्कार करत.

इब्राहिम कुल्फीवाला हा त्या वेळी माझ्या टेबलावरचा एक कागद होता. कुल्फी विकण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज. मार्च महिन्यात एका बाजाराच्या दिवशी मी त्याच्या गाडीपाशी थांबलो होतो. माठावर लाल फडकं होतं आणि फडक्यावर चार माश्या. दोनच दिवसांपूर्वी गावात कुणाचं तरी पोट बिघडलं होतं, आणि ते कुल्फीनं बिघडलं असं कुणीतरी म्हणालं होतं. हा इब्राहिम कालची वितळलेली कुल्फी आज पुन्हा गोठवून विकतो, असंही कुणीतरीच म्हणालं होतं. 'कुणीतरी' हा आमच्या खात्याचा फार जुना साक्षीदार. त्याच्या भरवशावर मी सगळा माल गटारात ओतायला लावला आणि अर्जावर 'चौकशी चालू' असा शेरा मारला. अक्षर सुरेख आलं होतं.

तेव्हापासून रोज अकरा वाजता इब्राहिम कचेरीच्या दाराशी येऊन उभा राही. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा माणूस, पण मी त्याला अरे-तुरेच करत असे. हॅट घातली की ते आपोआप होतं.

"सायेब, माझं कागूद?"

"चौकशी चालू आहे."

"उन्हाळा बी चालू हाय की सायेब. पावसाळ्यात कुल्फी कोन खातंय? वरीसभराची भाकरी ह्या तीन म्हैन्यांत हाय माझी."

"ते खरं. पण कालची कुल्फी तू पुन्हा गोठवत नाहीस, ह्याला पुरावा काय?"

"उरली तर टाकतो मी. बाप बी टाकायचा माझा."

"मग टाकल्याचा पुरावा आण."

तो जमिनीकडं बघत निघून जाई. टाकून दिलेल्या वस्तूचा पुरावा माणसानं आणायचा कुठून, हा विचार मला शिवला नाही. आपला प्रश्न बिनतोड आहे एवढंच मला दिसे, आणि मी खुशीत दुसरा कागद ओढी.

असा एप्रिल गेला. मे लागला. शिरूरचा मे म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही, दुपारी बारा वाजता घोडनदीच्या पात्रात अनवाणी उभं राहून बघावं. आमच्या दोन्ही मुली कुल्फी मागू लागल्या. गावात कुल्फी विकणारा एकच होता आणि त्याचं काय झालं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तुमच्यापायी अख्ख्या गावाची कुल्फी बंद झाली," आमची मंडळी म्हणाली. हिचं नाव साळूबाई, माहेर दौंडचं. "नळावर बायका मला बोलतात."

"काय बोलतात?"

"म्हणतात, इन्स्पेक्टरीणबाई, तुमच्यात पोरींना उन्हाळ्याचं काय देता? औषध का?"

हे मला लागलं. म्हणून मी तिथल्या तिथं जाहीर केलं की आइस्क्रीम घरी करायचं. स्वच्छ, शास्त्रीय, झाकलेलं. नुसतं करायचं नाही, तर सगळ्या आळीला बोलावून प्रात्यक्षिक करून दाखवायचं. खाण्याचा पदार्थ कसा करावा आणि कसा राखावा हे लोकांना एकदा डोळ्यांनी दिसू दे. ही म्हणाली, "आधी तुम्हाला चहा करता येतो का ते बघा." मी दुर्लक्ष केलं आणि दौंडला माझ्या मेहुण्याला पत्र टाकलं.

पोपटराव दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. कुणाचंही काम घ्यायला ह्या माणसानं आजवर 'नाही' म्हटलेलं नाही, आणि घेतलेलं एकही काम सरळ केलेलं नाही. आठ दिवसांत त्यानं आइस्क्रीमचं पॉट मिळवलं. रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर सगळं विकून ऑस्ट्रेलियाला निघाला होता, त्याच्या घरचं. लाकडी बादली, आत डबा, डब्यात वल्ह्यासारखं फिरणारं पातं, वर फिरवायचा दांडा. दांड्याची मूठ तुटली होती, तिथं पोपटरावानं सायकलच्या हँडलचं रबर बसवलं होतं. मी सगळं उकळत्या पाण्यानं धुतलं. रबर सुटून आलं, ते पुन्हा बसवलं.

मग बर्फाची पंचाईत झाली. शिरूरला बर्फाचा कारखाना नव्हता. दौंडहून रोजच्या गाडीनं एक लादी येई, ती इब्राहिमसाठी. सोडावॉटरवाला त्यातलीच थोडी विकत घेई. इब्राहिमचा धंदा बसल्यावर लादी यायची बंद झाली होती. म्हणजे गावाचा बर्फ मीच बंद केला होता आणि आता मलाच तो हवा होता. हे माझ्याआधी आमच्या शेजारच्या सोपानरावांच्या लक्षात आलं. सोपानराव पेन्शनर पोस्टमास्तर, दिवसभर ओट्यावर बसून आळीच्या बातम्या गोळा करत आणि संध्याकाळपर्यंत त्या पोचवत.

"इन्स्पेक्टर," ते म्हणाले, "झाडाची फांदी तोडायची असली तर तिच्यावर बसू नये म्हणतात."

मी पोपटरावाला दुसरं पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही, शनिवारी सकाळच्या गाडीनं थेट बर्फच आला. तुसात घातलेला, गोणपाटात शिवलेला. पण दौंडला कंडक्टरनं सांगितलं होतं की ओला माल आत चालायचा नाही, टपावर टाका. मे महिन्यात टपावर! माल ओला असल्यामुळं त्यानं वर जायचं आणि वर गेल्यामुळं आणखी ओलं व्हायचं. न्हावऱ्यापर्यंत लादीचं पाणी खिडकीतल्या एका मास्तरांच्या टोपीवर पडत होतं, नंतर तेही पडेनासं झालं म्हणे. शिरूरला गोणपाट उसवलं तेव्हा आत उशीएवढा बर्फ आणि पायलीभर चिखल निघाला.

उरलेल्या बर्फाचं वाटोळं मी स्वतः केलं. त्याला तूस चिकटलं होतं. मी शास्त्रीय माणूस, म्हणून तो धुवायला सांगितला. कच्च्या पाण्यात जंतू असतात, म्हणून उकळलेल्या पाण्यानं धुवायला सांगितला. पाणी निवू द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. साळूबाईनं तांब्या ओतला आणि बर्फ आमच्यादेखत पावशेर कमी झाला. दुसरा तांब्या मी अडवला.

आळी जमली होती. खुटबावहून थोरल्या भावानं दहा शेर दूध पाठवलं होतं. ते आटवून, साखर-वेलदोडा घालून, झाकून निववलं होतं. इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. मी हॅट काढून ठेवली आणि 'अन्न उघडं ठेवू नये' ह्या विषयावर चार शब्द बोललो. बोलता बोलता डब्यावर झाकण घालायचं राहिलं, ते समोरच्या तुळजाबाईंनी घातलं.

"मीठ घाला की भाऊजी बर्फात," तुळजाबाई म्हणाल्या. "खडं मीठ. मूठ-मूठ."

"खड्या मिठात माती असते," मी म्हणालो.

"ते डब्याभायेर असतंय, खायचंय व्हय कुणाला!"

सोपानराव म्हणाले, मीठ डब्याच्या पत्र्यातून आत झिरपतं, पोस्टात एकदा मिठाच्या पोत्यानं मनिऑर्डरीचं पुस्तक खारट झालं होतं. ह्या दोन मतांच्या मध्ये मी चिमूटभर मीठ टाकलं. मग अडीच तास दांडा फिरवला. आळीतल्या प्रत्येक कर्त्या पुरुषानं फिरवला. सायकलचं रबर दोनदा हातात आलं. शेवटी झाकण उघडलं तेव्हा आत गार बासुंदी होती, कडेला जरा दाट. लोकांनी सभ्यपणानं ती वाटीवाटीनं घेतली. एकाचे दात दुखत होते, एकीला पडसं होतं, दोघांचा उपास होता. सगळे "छान, छान" म्हणत घरी गेले आणि अर्ध्याहून जास्त डबा तसाच राहिला.

आता खरी गोष्ट इथं सुरू होते. त्या उरलेल्याचं करायचं काय?

ज्यांचा जन्म गोठ्याच्या वासात गेला नाही त्यांना हा प्रश्न पडणार नाही. आमच्याकडं दूध टाकत नाहीत. दूध चुलीत उतू गेलं तर गाईच्या आचळांना चिरा पडतात, असं माझी आई सांगायची आणि उतू गेलेल्या दुधावर पाणी शिंपडून हात जोडायची. मी परीक्षा पास झालो, हॅट घातली, दुसऱ्याच्या कुल्फीचा माठ गटारात ओतायला लावला. पण स्वतःच्या घरचं दूध मोरीत ओतायला माझा हात धजेना. आम्ही डबा न्हाणीघरात पाण्याच्या रांजणाशेजारी ठेवला, वर ओलं फडकं टाकलं. गार जागा आहे, राहील, असं मी म्हणालो. दुसऱ्या कुणी मला असं सांगितलं असतं तर मी भिंग काढलं असतं.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं पोपटराव स्वतः हजर. काखेत होल्डॉल.

"दाजी, आता टपाचं नावच न्हाई," तो म्हणाला. "अंथरूण म्हणून आतच आणला. मांडीवर घेऊन बसलो. मांड्या बधिर झाल्यात, पण माल बघा!"

होल्डॉलमध्ये, चादरीत आणि तुसात, पाऊण लादी बर्फ होता. मी त्याला मिठीच मारणार होतो, पण तो कमरेखाली भिजलेला होता. हिनं न्हाणीघरातून डबा आणला. आतलं सगळं वितळून पातळ झालं होतं.

"जरा आंबूस येतंय का हो?" ही म्हणाली.

मी वास घेतला. येत होता. "वेलदोडा आहे तो," मी म्हणालो.

"आक्का, बर्फात मढं ठेवलं तरी नासत न्हाई," पोपटराव म्हणाला.

उष्णतेनं जंतू मरतात हे माझ्या परीक्षेच्या पुस्तकात होतं आणि मला तोंडपाठ होतं. थंडीनं काय होतं ते प्रकरण सोडलं तरी पास होता येत होतं, म्हणून मी ते सोडलं होतं. पोपटरावानं मात्र बर्फात मुठी भरभरून खडं मीठ घातलं आणि अर्ध्या तासात आइस्क्रीम असं काही धरलं की पातं बाहेर निघेना. मी चमचाभर चाखलं. गोड, गारेगार. आंबूसपणाचा मागमूस नाही.

"बघ," मी हिला म्हणालो, "शुद्ध झालं की नाही?"

तिनं मुलींसाठी दोन वाट्या घेतल्या. एक भरली. मग तिचा हात थांबला.

"पोरींना नको," ती म्हणाली. "कालपासनं पडलेलं हाय."

"मग?"

"साखरबाईला देऊ. तिची नातवंडं खातील."

आणि मी म्हणालो, "उत्तम."

मी हे जसं घडलं तसं लिहितोय. बायकोवर ढकलत नाही. मी उत्तम म्हणालो, आणि मनातून मला बरंही वाटलं, की दूध वायाही गेलं नाही आणि धर्मही झाला. साखरबाई आमच्याकडं भांडी घासायची. साठीची बाई, घरी मुलगा-सून आणि तीन नातवंडं. तिला बोलावलं तेव्हा तिनं हात पदराला पुसले आणि तिचा चेहरा असा उजळला की तो मला अजून आठवतो. "आइसकिरीम? आवो बाई! माझ्या पोरांनी कवा बघितलं बी न्हाई!" हिनं तिला जर्मनच्या पातेल्यात गच्च भरून दिलं. ती ते पदराखाली झाकून लगबगीनं दाराशी गेली, आणि तिथं समोरून इब्राहिम आला.

धुतलेला सदरा, डोक्यावर नवी टोपी. रोजचा कचेरीतला इब्राहिम हा नव्हेच. तो हसत होता.

"सलाम सायेब! लई उपकार झाले. कचेरी बंद म्हनून घरीच आलो."

"कसले उपकार?"

"मोटारतळावर हमाल म्हनला, तुझ्या नावानं दौंडचा बर्फ आलाय. काल टपावर, चिठ्ठी बी तुझ्या नावाची. म्हनलं, सायबानं कागूद सोडलं. त्याबिगर कारखानेवाला माझ्या नावानं कशाला माल देतोय?"

मी पोपटरावाकडं बघितलं. पोपटराव होल्डॉलचे पट्टे बघायला लागला. "दाजी," तो हळूच म्हणाला, "मे महिन्यात कारखान्यात नव्या गिऱ्हाईकाला उभं करत नाहीत. म्हटलं, शिरूरच्या इब्राहिमकडनं आलोय. लगेच दिला."

इब्राहिमच्या नावाला दौंडच्या कारखान्यात पत होती. माझ्या टेबलावर नव्हती.

"परवाना... चौकशी अजून चालू आहे," मी म्हणालो.

टोपी सारखी केल्यासारखं करून त्यानं डोक्याला हात लावला. मग त्याची नजर पॉटकडं गेली, बर्फाकडं गेली आणि साखरबाईच्या पदराखालच्या पातेल्याकडं गेली. धंद्याच्या माणसाची नजर ती.

"हे आजचं?" त्यानं विचारलं.

"कालचं," धाकटी म्हणाली. "काल वितळलं होतं, आज मामानं परत घट्ट केलं." सहा वर्षांची पोर, तिला काय कळतंय!

इब्राहिम साखरबाईपाशी गेला. "बगू बाई," म्हणून त्यानं पातेल्यातलं बोटभर आइस्क्रीम तळहातावर घेतलं आणि नुसता उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्या हाताकडं बघत राहिलो. आइस्क्रीमचं पाणी झालं, ते त्याच्या हातावर कोमट झालं, तेव्हा त्यानं हात नाकाशी नेला.

"सायेब, गार हाय तवर कळत न्हाई," तो म्हणाला. "जिभेला न्हाई, नाकाला न्हाई. थंडीनं वास झोपतो, इख झोपत न्हाई. हातावर येऊ द्यायचं, मग बगायचं. हे नासलंय."

"काहीतरीच! बर्फानं..."

"बर्फानं काय मरत न्हाई सायेब. दबा धरून बसतं. पोटात ऊब मिळाली की उठतं."

एवढं बोलून त्यानं साखरबाईच्या हातातून पातेलं घेतलं, ओट्याखाली उतरला आणि सगळं गटारात ओतलं. बादलीतलं पाणी घेऊन पातेलं खंगाळलं आणि तिच्या हातात परत दिलं. साखरबाई रिकाम्या पातेल्याकडं बघत राहिली.

माझ्या घरात, माझ्या मुलींसमोर, आळीसमोर! माझं डोकं फिरलं.

"इब्राहिम! तुझा परवाना कुणाच्या हातात आहे ते माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय की," तो म्हणाला. "दोन म्हैने रोज येतोय, म्हाईत नसंल का? पर ही लेकरांसाटी घिऊन चालली व्हती, सायेब. बगून गप कसा बसू?"

आणि तो गेला. सोपानरावांनी ओट्यावरून विचारलं, "इन्स्पेक्टर, हा पंचनामा समजायचा का?" मी घरात आलो आणि दार लावून घेतलं.

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण एका कुल्फीवाल्यानं मला स्वच्छता शिकवावी? मी डब्यात उरलेल्या आइस्क्रीमच्या दोन वाट्या भरल्या आणि सगळ्यांना सांगून, घोषणा करून खाल्ल्या. ही "अहो, नका" म्हणत होती. पोपटराव म्हणाला, "दाजी, मी तुमच्या बाजूनं," आणि त्यानं एक वाटी खाल्ली. तो दुपारच्या गाडीनं दौंडला निघाला. त्यानंतर गाडी जिथं थांबत नाही तिथंही त्याच्यासाठी थांबवावी लागली, असं त्यानं पुढं पत्रात लिहिलं.

मी दुपारी चारला आडवा झालो तो बुधवारपर्यंत. तपशील देत नाही. घरापासून परसदारापर्यंतची वाट मी त्या तीन दिवसांत जितकी तुडवली तितकी गावच्या तपासणीत कधी तुडवली नव्हती. तुळजाबाईंनी डाळिंबाची साल पाठवली. सोपानराव येऊन उशाशी बसले आणि म्हणाले, "खात्याला कळवायला पाहिजे हो. अन्न कुठं तयार झालं, कुणी तयार केलं, फॉर्म असतो ना तुमचा?" असतो. त्याचा मसुदा मीच केलेला होता.

पण पोटातल्या कळांपेक्षा एक गोष्ट मला जास्त छळत होती. मी अडीच मणांचा गडी, आणि माझी ही गत झाली. साखरबाईची धाकटी नात दीड वर्षाची होती. पातेलं गच्च भरलेलं होतं. आम्ही आमच्या पोरींच्या तोंडची वाटी काढून घेतली, म्हणजे शंका आम्हाला आलीच होती. ती शंका आम्ही पातेल्यात भरून साखरबाईला दिली आणि तिच्याकडून दुवा घेतला. कुशीवर वळून मी भिंतीकडं तोंड केलं तरी हे समोरून हलेना. मला माझीच शिसारी आली.

मंगळवारी साखरबाई काम आटोपून निघाली तेव्हा हिनं नेहमीसारखं तिच्या ताटलीत कालवण आणि दोन भाकरी घातल्या. साखरबाईनं ताटली घेतली, आमच्यासमोर नाकाशी नेली, वास घेतला, आणि मग पदराखाली धरली. तिनं ते चिडून केलं नाही. आम्हाला टोमणा मारायचा तिचा विचारही नसावा. तिला एक गोष्ट कळली होती आणि ती त्याप्रमाणं वागत होती. ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. "ते कालवण ताजं होतं हो," म्हणाली.

बुधवारी मी काठी घेऊन कचेरीत गेलो. हॅट घरीच राहिली. इब्राहिमचा अर्ज काढला, 'चौकशी चालू'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'चौकशी पूर्ण. अर्जदार खराब झालेला माल टाकून देतो, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे. परवाना देण्यास हरकत नाही. टाकलेला माल माझ्या घरचा होता.' अक्षर काही सुरेख आलं नाही.

नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. भला माणूस, नोकरीला दोन वर्षं राहिलेली.

"ही शेवटची ओळ कशाला?" ते म्हणाले. "खोडून टाका. नक्कल फाइलमध्ये राहते, जन्मभर."

"खोडली तर वरच्या ओळीला पुरावा राहत नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली.

अकरा वाजता इब्राहिम आला. रविवारनंतर येईल की नाही अशी मला धाकधूक होती, पण आला. मी उठून उभा राहिलो. चार कारकून माना वर करून बघायला लागले.

"इब्राहिमभाई, या. बसा," मी म्हणालो.

तो बसला नाही. मी कागद पुढं केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "मला वाचता येत न्हाई सायेब. काय लिवलंय?"

चार कारकुनांसमोर मी तो शेरा मोठ्यानं वाचला. शेवटची ओळही वाचली. कुणी हसलं नाही.

"सोमवारपर्यंत बर्फ सुरू होईल तुमचा," मी म्हणालो. "उन्हाळा मात्र बराच गेला. तो मला परत देता येत नाही. माझं चुकलं, इब्राहिमभाई."

"गेला त्यो गेला," तो म्हणाला. कागद त्यानं टेबलावर ठेवला, घडी घालायच्या आधी जरा थांबला. "सायेब, येक इचारू? रागावू नगा."

"विचारा."

"त्या बाजाराच्या दिवशी माझी कुल्फी वतली गटारात. पत्र्याच्या साच्यात असती ती, तोंडाला कनीक लावून बंद केल्याली. माश्या फडक्यावर व्हत्या. तुमी येक तरी साचा उघडून वास घेतला व्हता का?"

माझ्या खिशात भिंग होतं, डोक्यावर हॅट होती, आणि नाक तर जन्मापासून होतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, जणू एवढंच त्याला ऐकायचं होतं, आणि कागदाला हात घातला.

"थांबा," मी म्हणालो. कागद परत घेतला. शेऱ्याच्या रकान्यात आता जागा उरली नव्हती, म्हणून मी तो उलटा केला, टाक दौतीत बुडवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्या बाजाराच्या दिवसाचं लिहायला लागलो.